चित्र चार, संदेश तीन

४ जानेवारी

नवी वही सुरू. जुन्या वहीचे कागद पिवळट निघाले म्हणून चांगल्या दुकानातून ही आणली, तर हीसुद्धा तशीच. कागदवाल्यांनी इमान सोडलं आहे. पेनचंही तेच. शाई इतकी फिकट की कालपासून जाड काळं मार्कर वापरतो. बायको म्हणाली, "दैनंदिनी आहे की दुकानाची पाटी?" मी लक्ष दिलं नाही.

वर्षाची पहिली नोंद म्हणून कामाचं लिहून ठेवतो. फिल्म धुण्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं रंग तपासले. निवृत्त झाल्यावर एका मासिकात सदर मिळालं. घरी बघायच्या डिस्कवर येणारे निसर्गपट पाहायचे आणि गुण द्यायचे. चित्राला दहापैकी, संदेशाला दहापैकी. दोन्ही मिळून बारा झाले तरच सार्वजनिक वाचनालयं ती डिस्क खरेदी-यादीत घेतात. त्यामुळे माझ्या आकड्यांना वजन आहे, आणि ते मी कधी विसरत नाही.

पद्धत माझी स्वतःची. पहिल्या वेळी आवाज बंद करून फक्त चित्र पाहायचं. दुसऱ्या वेळी पडद्याकडे पाठ करून फक्त ऐकायचं, आणि संदेशाचे गुण द्यायचे. देखण्या चित्राने भुललेला माणूस कुठल्याही भाषणाला मान डोलावतो. चित्र वेगळं, संदेश वेगळा. लोक हसतात, हसू देत.

८ जानेवारी

वाळवंटातल्या प्राण्यांची डिस्क. चित्र ५, संदेश ७.

पुन्हा तोच सोनेरी रोग. गेली दोन वर्षं पाहतोय, सगळ्यांना पिवळ्या रंगाचं वेड लागलंय. आकाश पिवळं, बर्फ पिवळा, सीलची पिल्लंसुद्धा साय आलेल्या दुधासारखी. शिवाय कडांचा रोग आहेच. चित्र धारदार दिसावं म्हणून हे लोक यंत्राने कडा कोरतात, मग प्रत्येक उजळ वस्तूभोवती पांढरी झालर येते. आज उंटाभोवती होती, चंद्राभोवती होती, शेवटी नावं येतात त्या अक्षरांभोवतीही होती. यावर एकदा मोठा लेख लिहायचा आहे. शीर्षक ठरलंय, 'सोनेरी रोग'.

बायको कोचावर बसून पाहत होती. म्हणाली, "मला तर छान दिसतंय." मी म्हटलं, "तुला छान दिसतं म्हणून तर मला पगार देतात." माझ्या वहीतला मजकूर नेहमीप्रमाणे तिने टाइप केला आणि संपादकबाईंना पाठवला. कॉम्प्युटरचा उजेड माझ्या डोळ्यांत घुसतो, त्यामुळे टाइप करण्याचं काम दोन वर्षांपासून तिच्याकडे आहे.

१५ जानेवारी

टीव्हीवाल्याला बोलावलं. माझ्याकडे लॅबच्या काळापासून एक चाचणीचं चित्र आहे, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या रंगाच्या अकरा पट्ट्या. चांगल्या पडद्यावर अकराही सुट्या दिसल्या पाहिजेत. मला आठच दिसतात. म्हणजे पडदा गेला.

त्याने पडद्यावर एक मीटर चिकटवला, काहीतरी आकडे पाहिले आणि म्हणाला, "साहेब, टीव्ही एक नंबर आहे."

"पट्ट्या किती दिसतात तुम्हाला?"

"अकरा."

मी म्हटलं, तुम्हाला अकराच दिसायच्या आहेत म्हणून दिसतात. तो बायकोकडे पाहून हसला. तीही हसली. हल्लीच्या कारागिरांना मीटर कळतो, चित्र कळत नाही. जाताना म्हणाला, "नवा घ्यायचा असेल तर घ्या, मी जुना चांगल्या किमतीला उचलतो." तेव्हाच समजलो, पाणी कुठे मुरतंय ते.

२१ जानेवारी

तीन दिवस घरात अबोला होता.

रविवारी बायको म्हणाली, "अहो, एकदा डोळे दाखवून घ्या ना." यापूर्वीही दोनदा म्हणाली होती, पण या वेळी तिने डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती, मला न विचारता. मी चिडलो. म्हटलं, या डोळ्यांवर तीस वर्षं एक लॅब चालली. ती म्हणाली, "हो, पण ती तीस वर्षं संपून सहा वर्षं झाली. नाचता येईना अंगण वाकडं, असं किती दिवस चालणार?" मग मी बोलणंच बंद केलं.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. लॅबमध्ये माझ्याआधी एक मुख्य तपासनीस होते, आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. हिरव्या रंगाच्या सतरा छटा नावानिशी सांगायचे. एकदा त्यांच्या हातून एक अख्खा चित्रपट जांभळट होऊन गेला. साहेबांनी डोळे तपासायला पाठवलं आणि आठवड्याभरात गुरुजींना खाली फिल्मचे डबे बांधायला बसवलं. जाता-येता दिसायचे, मांडीवर सुतळीचा गुंडा घेऊन. मी मान खाली घालून पुढे जायचो. डॉक्टरांकडे जाणं म्हणजे त्या तळमजल्यावर जाणं. मला भीती वाटते, आणि हे मी बायकोला सांगितलेलं नाही.

पण मुळात माझे डोळे ठीक आहेत, त्यामुळे हा प्रश्नच नाही.

२९ जानेवारी

मोठ्या मेहुणीचा पाय मोडला. बायको तिच्याकडे गेली, निदान तीन आठवडे तरी. जाताना दहा सूचना. शेवटची अशी, "टाइप करायचं काही असलं तर थांबा, मी आल्यावर करते." मी म्हटलं, मासिक तुझ्या बहिणीच्या पायासाठी थांबणार आहे का?

२ फेब्रुवारी

एका तळ्यावरची डिस्क. कोण्या एका बाईने एकटीने केलेली, अकरा वर्षं त्याच काठावर कॅमेरा लावून. मोठी कंपनी नाही, जाहिरात नाही. वाचनालयांच्या यादीत आली तरच एक प्रकाशक ती मोठ्या संख्येने काढणार, असं सोबतच्या पत्रात लिहिलं होतं. अशी पत्रं मी गुण दिल्यानंतर वाचतो.

चित्र ४. पिवळेपणाचा कळस. धुकं तर इतकं की अर्ध्या वेळ काय चाललंय पत्ता लागत नाही. झालरी आहेतच. आणि शेवटी सहा मिनिटं, मी घड्याळ लावून मोजली, नुसतं कोरं पाणी. कॅमेरा चालू ठेवून बाई बहुधा चहा प्यायला गेल्या होत्या.

संदेश ३. पाठ करून ऐकलं. तळं हळूहळू आटत गेलं आणि काठावर राहणाऱ्यांच्या ते लक्षातच आलं नाही, हा मुख्य मुद्दा. हे मला पटत नाही. रोज समोर असलेली गोष्ट बदलली तर माणसाला कळणार नाही? पुढे म्हणे, करकोचे नऊ वर्षांपूर्वी गेले ते परत आलेच नाहीत. त्यावर निवेदन संपतं, आणि मग ती सहा मिनिटं. ध्वनिमुद्रणातही दोष, मागे सारखी लाकडावर लाकूड आपटल्यासारखी खटखट. बघणाऱ्याला आशेचा एक शब्द न देता घरी पाठवायचं, याला मी संदेश म्हणत नाही.

एकूण ७. यादीत येणार नाही.

३ फेब्रुवारी

मजकूर फोनवरच संपादकबाईंना सांगितला. त्यांनी लिहून घेतला. मध्येच म्हणाल्या, "चित्राला चार? एवढे कमी तुम्ही कधी दिले नव्हते."

कधी दिले नव्हते म्हणे. गेल्या वर्षभरात पाच वेळा चार दिलेत, वही साक्षीला आहे. संपादकांनाच आपलं मासिक वाचायला वेळ नाही, मग वाचकांनी काय करावं? अर्थात छापून आलेलं मीही वाचत नाही. पूर्वी वाचायचो. हल्ली टाइप इतका बारीक आणि कागद इतका मळकट वापरतात की गोडी गेली.

९ फेब्रुवारी

टीव्हीच्या दुकानात गेलो. भिंतीवर चौदा पडदे, सगळ्यांवर एकच पोपट. चौदाही पोपटांना झालर. विक्रेत्याला दाखवलं तर तो पडद्याला नाक लावून पाहत राहिला आणि म्हणाला, "कुठे?" एकंदर सगळा धंदाच बिघडला आहे. नवा टीव्ही घ्यायचा नाही असं ठरवून परत आलो. येताना समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फार त्रास देतात. तेही हल्ली जास्तच प्रखर बसवतात.

घर रिकामं वाटतं. सकाळी एक मोजा काळा, एक निळा घातला होता, बाहेर गेल्यावर लिफ्टमध्ये शेजारणीने सांगितलं. बायको असली की मोजे जोडीने मिळतात.

१७ फेब्रुवारी

अंक बाजारात आला. दुपारी एका बाईंचा फोन. आधी ओळख पटेना, मग कळलं, तळ्याच्या डिस्कवाल्या.

मला वाटलं भांडतील. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, एकच विचारायचं होतं. तुम्ही शेवट पाहिलात ना?"

"पूर्ण पाहिला. सहा मिनिटं कोरं पाणी."

त्या म्हणाल्या, "आणि आवाज?"

मी म्हटलं, खटखट होती, पुढच्या वेळी माइक चांगला वापरा. त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. टीका पचवणं सगळ्यांना जमत नाही, पण या बाई निदान सभ्य निघाल्या.

२० फेब्रुवारी

बायको परतली. घराला घरपण आलं. चहा पिताना तिने अंक उघडला, माझं पान काढलं आणि चहा थंड होईपर्यंत वाचत बसली.

"हे असंच गेलं?"

"असंच म्हणजे कसं?"

"काही नाही."

मी बाजारातून येईपर्यंत तिने तळ्याची डिस्क लावून पाहिली होती. पुसल्यावरही डोळे पुसलेले कळतात. म्हणाली, "एकदा परत बघा. माझ्यासोबत. तोंड पडद्याकडे आणि आवाज चालू."

मी म्हटलं, गुण दिल्यावर डिस्क परत पाहायची नाही, हा नियम आहे. "तुमचे नियम," एवढंच म्हणून ती मोजे जुळवत बसली.

२६ फेब्रुवारी

आजचं सविस्तर लिहायला हवं.

दुपारी पडदे ओढून एका समुद्राच्या डिस्कचं चित्र तपासत होतो. त्याआधी तोंड धुताना उजव्या डोळ्यात साबण गेला होता, तो चुरचुरत होता म्हणून रुमालाने दाबून धरला आणि डाव्या डोळ्याने पाहत राहिलो. समुद्रावरचं आकाश जरा निवळलेलं वाटलं. रुमाल काढून डावा डोळा झाकला, तर आकाश पुन्हा हळदीसारखं. परत बदलून पाहिलं. चित्र थांबवून ठेवलं आणि वीस वेळा तरी केलं, उजवा, डावा, उजवा, डावा. लॅबमध्ये दोन पट्ट्या शेजारी धरून असंच तपासायचो.

कोणता डोळा झाकला आहे, हे डिस्कला कळत नाही. टीव्हीलाही नाही.

मग चाचणीच्या पट्ट्या लावल्या. डाव्याने नऊ. उजव्याने सात.

बायको आतून म्हणाली, "काय चाललंय?" मी म्हटलं, "तू त्या डॉक्टरांची वेळ घेतली होतीस ती अजून मिळेल का?" ती लगेच बाहेर आली नाही. आत नळ चालू राहिला होता.

२८ फेब्रुवारी

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा चांगलाच पिकला आहे, आधी तो, मग दोन-तीन महिन्यांनी डावा. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. म्हणाल्या, "पिवळं दिसतं? दिव्यांभोवती वलयं?" मी हो म्हटलं. "किती दिवसांपासून?" बायको म्हणाली, "दोन वर्षं." विचारलं खरं तर मला होतं.

अशा प्रसंगासाठी आपल्या भाषेत कुसळाची एक तयार म्हण आहे. बायकोने ती अजून उच्चारलेली नाही, हे तिचे उपकार.

१ मार्च

वह्या काढून मोजलं. दोन वर्षांत शेहेचाळीस डिस्क. चित्राचे शेहेचाळीस आकडे खोटे. त्यातल्या किती यादीबाहेर राहिल्या असतील? किती जणांनी वर्षानुवर्षं बर्फात बसून काढलेलं चित्र मी पिवळं म्हणून फेकून दिलं असेल?

मन दोन्हीकडे ओढतं. कोणाला कळणार आहे? शस्त्रक्रिया करून घ्यावी, पुढचे गुण बरोबर द्यावेत आणि मागचं मागे सोडावं. सांगितलं तर सदर जाईल, आणि जाईल ते बरोबरच. पण गुरुजींचा एकच चित्रपट जांभळा झाला होता, माझ्या नावावर शेहेचाळीस आहेत.

निदान त्या तळ्याचं तरी करता येईल. खरेदी-यादी एकतीस मार्चला बंद होते.

१३ मार्च

परवा उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. काल सकाळी पट्टी काढली. लिहिताना त्रास होतो म्हणून थोडक्यात.

भिंत पांढरी आहे. मला वाटत होतं आपण मोतिया रंग दिलाय. खिडकीबाहेरचं आकाश मी किती तरी वेळ पाहत राहिलो. निळा रंग इतका निळा असतो हे मला ठाऊक होतं, तीस वर्षं तेच तर काम केलं. विसरलो कधी, हे मात्र कळलं नाही.

बायकोला म्हटलं, "तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"झाले हळूहळू," ती म्हणाली. "रोज समोरच होते."

१५ मार्च

जवळचा चष्मा महिन्याने मिळणार. तोवर लॅबमधलं फिल्म तपासायचं जुनं भिंग हाताशी घेतलं आणि दोन वर्षांचे अंक काढले. शेजारी वह्या. माफीच्या पत्रासोबत संपादकबाईंना पूर्ण यादी द्यायची होती, कोणत्या डिस्कला किती चुकीचे गुण गेले त्याची.

वाळवंटाची डिस्क. वहीत चित्र ५. अंकात ८.

आधी वाटलं छपाईची चूक. मग त्याच्या आधीची काढली. वहीत ४, अंकात ९. बर्फाची. वहीत ५, अंकात ८. मजकूर माझाच, शब्द माझे, टोमणे माझे. पण सोनेरी रोगाची वाक्यं नाहीत, झालरी नाहीत. त्या जागी 'रंग स्वच्छ आणि संयत आहेत' असं काहीतरी साधं. संदेशाच्या आकड्यांना कुठेही हात लावलेला नाही. सगळे शेहेचाळीस तपासले. पंचेचाळीस बदललेले.

एकच जसाच्या तसा छापला आहे. चित्र ४, संदेश ३.

१६ मार्च

आधी मी खूप रागावलो. तसंच लिहितो, लपवायचं नाही. दोन वर्षं माझ्या नावाखाली दुसऱ्याचे आकडे, आणि लोक मला कौतुकाची पत्रं पाठवतात. मी म्हटलं, "तू मला डबे बांधायला बसवलंस आणि कळूही दिलं नाहीस." तिला ते कळेना, मग गुरुजींची गोष्ट सांगावी लागली. एकतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तीनदा सांगितलं तुम्हाला. पहिल्यांदा तुम्ही बल्ब बदललेत. दुसऱ्यांदा म्हणालात टीव्ही गेलाय. तिसऱ्यांदा तीन दिवस बोलला नाहीत."

"म्हणून माझे गुण बदलायचे?"

"मला चित्र चांगलं दिसत होतं. त्या लोकांचं काय चुकलं होतं?"

"आणि माझं?"

"तुमचं सदर गेलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, ते मला माहीत आहे. त्याच खुर्चीत बसून भिंतीला गुण दिले असते."

मला हसू आलं, ते राग जाण्याआधीच आलं. मग म्हणाली, "तुमच्याइतकं मला कळत नाही. आठ की नऊ, असं ठरवताना कितीदा तरी हात थांबायचा. तुम्हाला विचारावंसं वाटायचं."

तिचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. तिने तसं करायला नको होतं. पण पंचेचाळीस जणांचं माझ्यामुळे नुकसान झालं नाही, ते तिच्यामुळे, आणि ज्या एकीचं झालं ते ती इथे नव्हती म्हणून झालं. काल रात्री धड झोप लागली नाही.

१७ मार्च

तळ्याची डिस्क पाहिली. दोघांनी, कोचावर शेजारी बसून, तोंड पडद्याकडे, आवाज चालू. माझा नियम मीच मोडला.

पिवळं काहीही नाही. धुकं आहे, पण ते पहाटेचं, आणि त्यातून पलीकडचा काठ वर्षावर्षाने जवळ येताना दिसतो. तेच झाड, तोच दगड, पाणी दर वर्षी हातभर मागे. काठावरची माणसं कपडे धुतात, गप्पा मारतात, पुढच्या वर्षी हातभर खाली सरकून बसतात. त्यांना कळलं नाही, हे आता पटलं. मला दुसऱ्या कोणाचा दाखला नको.

शेवटची सहा मिनिटं. निवेदन संपतं. करकोचे परत आले नाहीत, एवढं बोलून ती बाई गप्प होते. पांढरं धुकं, करडं पाणी. आणि त्या धुक्यात पांढरट करडे पाय आणि माना. आधी एक. मग धुकं सरकतं तसे आणखी. करकोचे उभे आहेत. मान मागे टाकून चोची आपटतात, खट खट खट. त्यांना गळ्यातून आवाज काढता येत नाही, ते असेच बोलतात. दहाव्या वर्षी ते परत आले होते, आणि तिने ते सांगितलं नाही, दाखवलं.

चित्र पाहिलं तेव्हा मी आवाज बंद केला होता. आवाज ऐकला तेव्हा पाठ केली होती. आशेचा एक शब्द नाही म्हणून तीन गुण दिले होते मी. मला रडू आलं. पडदे ओढलेले होते, पण बायकोला कळलं असणार.

म्हणजे माझा फक्त डोळा चुकला नव्हता. हा दोष मोतीबिंदूवर ढकलता येणार नाही.

१९ मार्च

संपादकबाईंना सगळं सांगितलं, बायकोचा भागसुद्धा. तिने सांगितलं होतं, "माझं नाव घ्यायचं तर घ्या, लाजण्यासारखं मी काही केलं नाही." बाई म्हणाल्या, "पंचेचाळीस?" आणि पुढे, "पुढचा अंक एकतीस मार्चनंतर येतो. यादीच्या समितीला वेगळं पत्र द्यावं लागेल. गुण का बदलले याचं कारण ते लेखी मागतील, आणि ते कारण सगळ्या वाचनालयांना जाईल."

"जाऊ दे."

"सदराचं काय करायचं, ते वाचकांची पत्रं आली की पाहू. आत्ता मी काहीच कबूल करत नाही."

मी म्हटलं, मीही काही मागत नाही.

२१ मार्च

पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. पाचव्यांदा साधंच लिहिलं. दोष डिस्कमध्ये नव्हता, माझ्या डोळ्यांत होता. दोन वर्षं तो मी नाकारला. या काळात छापलेले चित्राचे योग्य गुण माझ्या पत्नीचे आहेत. तळ्याच्या डिस्कचे माझे होते आणि ते चुकीचे होते. चित्र ९, संदेश ९. संदेशाचे गुण बदलण्याचं कारण डोळे नाहीत, माझी पद्धत आहे, आणि ती मी बंद केली आहे.

बायकोने टाइप केलं. मी खुर्ची ओढून तिच्या मागे बसलो. म्हटलं, "या वेळी एकही आकडा बदलायचा नाही."

"दहा द्यायला काय हरकत होती?" ती म्हणाली.

"शेवटी नावं फार भरभर जातात."

"ते मात्र खरं," ती म्हणाली आणि तिने नऊ तसेच ठेवले.

३० मार्च

समितीचं पत्र आलं. त्यांनी डिस्क स्वतः लावून पाहिली आणि यादीत घेतली. पत्रात माझ्याबद्दल एक ओळ आहे, 'यापुढे समीक्षकांकडून दृष्टीचा दाखला घ्यावा का, याचा विचार समिती करेल.' घ्यावा. मी पहिला देईन.

२ एप्रिल

आज तळ्याच्या बाईंना मीच फोन केला. आठवडाभर टाळत होतो. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, पण त्यांनी ते बोलूच दिलं नाही. "पत्र वाचलं, सर," म्हणाल्या, "अकरा वर्षं थांबले होते, दोन महिन्यांनी काही बिघडलं नाही." बिघडलं होतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं, पण त्यांनी तसं म्हटलं आणि मी ते घेतलं.

मग त्यांनी विचारलं, "या वेळी किती दिसले?"

मी छाती काढून सांगितलं, "सात."

"आठ आहेत," त्या म्हणाल्या. "डावीकडच्या मोठ्याच्या मागे एक पिल्लू आहे. त्याच वर्षीचं. म्हणजे ते नुसते आले नाहीत सर, घरटंही तिथेच केलं."

फोन ठेवला आणि बायकोला म्हटलं, "आठ आहेत म्हणे."

ती मोजे जुळवत होती. "हो. मागचं पिल्लू."

"तुला दिसलं होतं?"

"फेब्रुवारीतच."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मोजत होतात," ती म्हणाली.

डाव्या डोळ्याची तारीख मेमध्ये आहे. तोवर मोजायचं काम तिच्याकडे, आणि तिने मोजलेलं मोठ्याने सांगायचं, असं ठरलं आहे.